दिंडीच्या गाडीचं छत

पोरांनो, यंदापासून दिंडीची गाडी तुमच्या हाती आली. इंजिन, ब्रेक, टायर तुम्ही बघालच. त्यासाठी मेकॅनिक आहे, वरून आरटीओची पासिंग आहे. छताला मात्र कोणी विचारत नाही. पाऊस आला की सगळे वर बघतात, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून छताचं तेवढं मी नीट सांगून ठेवतो.

आपल्या गाडीच्या हौद्यात काय काय असतं ते आधी ध्यानात घ्या. सगळ्या दिंडीच्या वळकट्या, राहुट्या, पिठाची आणि डाळ-तांदळाची पोती, तिखट-मिठाचे डबे, औषधांच्या पिशव्या, पखवाज. पखवाजाचं पान ओलं झालं की सैल पडतं, शाई सुटायला लागते आणि दुसऱ्या दिवशी भजनाला तो बोलत नाही. पीठ ओलं झालं तर फेकावं लागतं. पण या सगळ्यांपेक्षा वळकटी महत्त्वाची. दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालून आलेली सत्तरीची माउली संध्याकाळी मुक्कामावर गाडीमागं उभी राहते आणि स्वतःची वळकटी मागते. ती ओली निघाली तर तिला रात्र बसून काढावी लागते, आणि पहाटे पुन्हा चालायचंच असतं. दोन रात्री ओल्यात काढल्या की ताप भरतो, आणि अशा माणसाला आपण गंगाखेड नाहीतर परळीहून एसटीत बसवून घरी धाडतो. वर्षभर वाट बघून निघालेल्या बाईची वारी छतातल्या एका भोकापायी मोडते. मी छताच्या मागं एवढा का लागतो, ते एवढ्यात आलं.

छताचं काम चैत्र-वैशाखात करायचं. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे सांगावं लागत नव्हतं. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडं सिमेंटचे स्लॅब यायच्या आधी घरं माळवदाची होती. तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर. दर वैशाखात पांढरी माती आणून वर टाकायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळाकडं उतार आहे का ते बघायचं. मृग लागण्याआधी हे झालं नाही असं घर गावात सापडत नसे. स्लॅब आले आणि ही सवय गेली. गाडीच्या छताला ती सवय अजून लागते, कारण गाडीचं छत घराच्या छतापेक्षा जास्त हाल सोसतं. वैशाखातलं ऊन त्याला तापवतं, खड्ड्यातले हादरे त्याचा प्रत्येक सांधा हलवतात, आणि पाऊस त्याच्यावर नुसता पडत नाही, गाडीच्या वेगानं येऊन आदळतो.

दिंडी निघताना मृग असतं, रस्त्यात आर्द्रा लागतं आणि पंढरपूर गाठेपर्यंत पुनर्वसू येतं. आषाढाआधी अधिक महिना आला की आषाढी जुलैच्या अखेरीस सरकते, मग पुष्याचा पाऊसही वाटेतच गाठतो. म्हणजे आपली गाडी ऐन पावसाळा अंगावर घेत जाते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नर्सीहून निघा की सेनगावहून, पंढरपूर आपल्या नैर्ऋत्येला आहे, आणि पावसाळी वाराही नैर्ऋत्येकडूनच येतो. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. बालाघाट ओलांडून सोलापूरकडं उतरलात की पाऊस कमी होतो आणि वारा वाढतो. तिकडचा आषाढातला वारा ताडपत्रीची कड एकदा धरली की सोडत नाही. म्हणून ताडपत्री बांधताना माझा पहिला नियम हा: दोन ताडपत्र्या जोडून टाकायच्या असतील तर पुढची वर, मागची खाली. पुढच्या ताडपत्रीचा पदर मागचीवर किमान दोन हात यायला पाहिजे. उलटं केलंत तर सांध्याचं तोंड वाऱ्याकडं उघडं राहतं आणि गाडी धावताना त्यातून पाणी पंप मारल्यासारखं आत जातं. जमलं तर जोड नकोच. चौदा फुटी हौद्याला २४ बाय १८ फुटांची एक अखंड ताडपत्री पुरते: कमानीवरून दोन्ही बाजूंना उतरून हौद्याच्या काठाखाली दीड फूट लोंबते, पुढं केबिनच्या पाठीवर आणि मागं फाळक्यावरही येते. काठापर्यंतच पोचणारी ताडपत्री घेऊ नका. काठावर आलेलं पाणी मग हौद्याच्या आतच गळतं.

ताडपत्री कोणती घ्यायची यावर दरवर्षी वाद होतो. प्लास्टिकची निळी-पिवळी हलकी असते, स्वस्त असते, पाणी पीत नाही. पण उन्हानं ती कडक होते आणि घडीवर चिरते. घ्यायचीच तर २०० ते २५० जीएसएमची घ्या. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. पातळ ताडपत्री अंगणात वाळवणावर टाकायला ठीक, वाऱ्यात धावणाऱ्या गाडीवर ती टिकत नाही. कॅनव्हासची जड, महाग, पण नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं चालते. माझा कौल कॅनव्हासला. नवी आणली की वापरण्याआधी एकदा पूर्ण भिजवून कडक उन्हात वाळवा. सूत फुगतं आणि शिवणीतली सुईची भोकं बुजतात. कॅनव्हासची एक खोड मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. बाहेरून ती ओली असताना आतून तिला कशाचाही स्पर्श झाला की तिथून पाणी झिरपायला लागतं. वळकट्या छतापर्यंत रचू नका. कमान आणि सामान यांच्यात वीतभर जागा सोडा. आत झोपणाऱ्यांनाही सांगा, बोटानं छत दाबून बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेतातली ताडपत्री दिंडीला आणायची नाही. आपल्या जिल्ह्यात घरोघरी ताडपत्री असते, कारण सोयाबीनची गंजी झाकायला ती लागते आणि फाल्गुन-चैत्रात शिजवलेली हळद वाळवायलाही लागते. घरात पडलीच आहे, घेऊन जाऊ, असं कोणीतरी दरवर्षी म्हणतं. त्या ताडपत्रीखाली सोयाबीनची काडं असतात, तुराट्या असतात. ती ओढताना हजार टोचे पडतात, आणि दाण्याच्या वासानं उंदीर तिची घडी कुरतडतात. वरून ती धडधाकट दिसते. खात्री करायची असेल तर दोघांनी दोन टोकं धरून भर दुपारी सूर्याकडं उभी करा आणि तिसऱ्यानं सावलीच्या बाजूनं बघावं. जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूनं गोल करा. हळदीच्या ताडपत्रीवर असे गोल मोजता मोजता माणूस कंटाळतो.

भोक बुजवायची रीत कापडावर अवलंबून आहे. कॅनव्हासला त्याच कापडाचं ठिगळ लावा, भोकापेक्षा चार बोटं मोठं, कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपरा आधी उचलतो. दाभणानं सुती दोऱ्याची दुहेरी शिवण घाला आणि शिवणीवर मेण घासा. नायलॉनचा दोरा वापरू नका, तो ओला होऊन फुगत नाही आणि कापडाला करवतीसारखा कापतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीला पंक्चरचं सोल्यूशन धरत नाही. ते कापड गरम करूनच जोडावं लागतं, ताडपत्रीच्या दुकानात करून देतात. वाटेत फाटली तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुक्कामापर्यंत चालवा, पण आधी जागा पुसून कोरडी करा. ओल्यावर लावलेली पट्टी अर्ध्या तासात सुटते.

कमानींची उंची मधे जास्त, कडेला कमी पाहिजे. कमान सपाट असली की दोन कमानींच्या मधे ताडपत्रीला झोळ पडतो, त्यात पाणी साचतं, साचलेल्या पाण्याचं वजन झोळ आणखी वाढवतं, आणि एका रात्रीत घागरभर पाणी छातीवर येऊन पडतं. उपाय साधा आहे. कमानींच्या माथ्यावरून पुढून मागपर्यंत एक लांब बांबू बांधा, म्हणजे छताला कणा आला. बांबूच्या दोन्ही टोकांना आणि कमानीच्या प्रत्येक टोकाला जुन्या गोणपाटाची चिंधी गुंडाळा. ताडपत्री वाऱ्यानं जितकी फाटते, त्याहून जास्त अशा टोकांवर घासून झिजते. कधी झोळात पाणी साचलंच तर काठीनं टोचू नका. काठीच्या टोकाला चिंध्यांचा बोळा बांधा आणि खालून अलगद वर उचला.

दोराबद्दल दोन शब्द. अंबाडीचा किंवा सुताचा दोर ओला झाला की आखडतो. कोरड्यात कचकून बांधलात तर पावसात तो ताडपत्रीच्या पितळी रिंगा उपटून काढतो. त्याला बोटभर ढील ठेवा. नायलॉनचा दोर उलटा, ओला झाला की ताणला जातो आणि गाठ सरकते. पहिली सर येऊन गेली की गाडी थांबवून तो पुन्हा ओढून घ्यायचा. रिंगेला थेट दोर बांधण्यापेक्षा मधे जुन्या ट्यूबची पट्टी घाला. वाऱ्याचा झटका ती पिऊन टाकते आणि रिंग वाचते. गाठ सुरगाठच असावी. रात्री दोन वाजता पावसात निरगाठ सोडत बसणं काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच विचारा. आणि दोर असो की दिव्याची, भोंग्याची वायर, बाहेरून आत येताना तिला आधी खाली झोळ द्या आणि मग आत घ्या. पाणी वायरीवरून वाहत येतं, झोळाच्या तळाशी ठिबकतं आणि बाहेरच राहतं. सरळ आत घेतलेली वायर म्हणजे पाण्याला आत सोडलेली नळी. पाण्याबरोबर विजेचा धोका येतो तो वेगळाच.

आता पत्र्याच्या छताच्या गाड्या. हल्ली बऱ्याच दिंड्यांकडं बंद बॉडीचा टेम्पो असतो, कोणी आत बाकडी आणि झोपायच्या फळ्या बसवून घेतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून स्वयंपाकघर, बिछाना, वर सोलर असलेल्या गाड्याही रस्त्यावर दिसायला लागल्या. गाडी साधी असो की भारी, पत्रा मधोमध कधी गळत नाही. गळतो तो सांध्यात, रिव्हेटपाशी, बोल्टपाशी, आणि जिथं कोणी नंतर भोक पाडलं तिथं. कॅरिअर, भोंगा, हवेची खिडकी, सोलरची पट्टी, झेंड्याची नळी: प्रत्येकानं छताला चार भोकं पाडलेली असतात. म्हणून नवं भोक पाडण्याआधी दहादा विचार करा. झेंडा केबिनच्या बाजूला बांधता येतो. भोंगा कमानीवर बसतो. पन्हाळी पत्रा असेल तर बोल्ट पन्हाळीच्या उंचवट्यावरच मारायचा, खोलगट भागात कधीच नाही, तिथून तर पाणी वाहतं. बोल्टखालचा रबराचा वॉशर हाताळून बघा. उन्हानं तो दोन-चार वर्षांत कडक होऊन तडकतो. पूर्ण छत बदलायचा खर्च निघतो तिथं कित्येकदा मूठभर वॉशरनं काम भागतं. नवा वॉशर बसवताना बोल्ट इतकाही आवळू नका की रबर चेपून बाहेर येईल.

गळतीची जागा शोधणं हे खरं कसब आहे. ठिबकतं तिथं भोक असतं असं धरून चालू नका. पाणी वरून शिरतं, पत्र्याच्या आतल्या बाजूनं किंवा आडव्या पट्टीवरून सरकत जातं आणि हात-दोन हात लांब जाऊन पडतं. ओल्या डागापासून चढाच्या दिशेनं शोधत जा. पाऊस चालू असताना डागाभोवती खडूनं खूण करा आणि दुरुस्ती कोरड्यात करा. पावसात लावलेला कुठलाच लेप धरत नाही. गाडी निघण्याआधीची परीक्षा अशी घ्या. एक जण हौद्यात बॅटरी घेऊन बसेल, दारं-फाळका बंद. दुसरा साध्या नळीनं पाणी मारेल, आधी खालच्या कडांवर, मग बाजूंच्या सांध्यांवर, शेवटी माथ्यावर. प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटं द्यायची. आधीच माथ्यावर पाणी ओतलंत तर ते सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा सांध्यावर मारू नका, चांगला सांधाही त्यानं उघडतो.

सांधा बुजवताना घाई इथंच होते. जुन्या सिलिकॉनवर नवा सिलिकॉन ओढतात आणि झालं म्हणतात. सिलिकॉनला सिलिकॉन धरत नाही. जुना सगळा खरवडून काढा, गंज तारेच्या ब्रशनं घासा, थिनरचा फडका मारा, वाळू द्या, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, तो पूर्ण वाळला की मग नवा लेप. एम-सीलसारखी कडक होणारी लांबी पत्र्याच्या सांध्यावर वापरू नका. आपल्याकडं वैशाखात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो आणि रात्री गार होतो, म्हणजे रोज पसरतो आणि आखडतो. कडक लेप त्याच्याबरोबर हलत नाही, त्याला केसाएवढी चीर पडते आणि पाण्याला तेवढी पुरते. डांबर स्वस्त, पण उन्हात पातळ होऊन ओघळतं आणि पावसाळ्यात नेमकं जागेवर नसतं. हार्डवेअरच्या दुकानात ब्यूटाइलची चिकटपट्टी मिळते. ती मऊ राहते, पत्र्याबरोबर हलते. सांध्याला मी तीच सांगेन.

एक गैरसमज काढून टाकतो. बंद टेम्पोत दहा-बारा जण झोपले, खिडक्या लावून घेतल्या, की पहाटे छतातून थेंब पडतात आणि गळतंय म्हणून ओरड होते. बाहेर पाऊस नसतानाही पडतात. तो पत्र्याचा घाम. माणसांच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते. त्याला लेप लावून काही होत नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि पत्र्याला आतून थर्माकोलचा किंवा फोमचा थर द्या. आत शेगडी तर अजिबात पेटवू नका. चहा कितीही हवासा वाटला तरी तो बाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला करायचा. बंद गाडीत शेगडीचा धूर आणि गॅस माणसं मारतो, आणि झोपेत कळतही नाही.

मुक्कामाला गाडी कशी लावता यावरही बरंच अवलंबून असतं. तोंड किंचित चढाला ठेवा, पाणी मागं वाहून जाईल. ताडपत्रीची मागची कड फाळक्याच्या बाहेरून खाली आली आहे ना ते आधी बघा, नाहीतर तेच पाणी आत येईल. झाडाखाली लावू नका. वाळकी फांदी पडते ती एक, आणि पाऊस थांबल्यावरही झाड तासभर गळत राहतं. सावलीच्या मोहापायी गाडी नेहमी चिंचेखाली लावली जाते, म्हणून मुद्दाम सांगतो. परतीच्या वाटेवर रिकामी गाडी म्हणून ताडपत्री कशीही गुंडाळू नका. मुक्कामी थांबलात की वारा आता पाठीमागून येतो, फाळक्याकडची बाजू जास्त घट्ट बांधा.

गावी पोचलात की पहिलं काम ताडपत्री वाळवायचं. ओली घडी घातलेल्या कॅनव्हासला आठवड्याभरात बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि तिथं कापड कुजून बोटानं फाटतं. दोन-तीन उन्हं देऊन, झाडून, सैल घडी करून उंचावर, भिंतीपासून लांब ठेवा. मधे कडुनिंबाचा वाळका पाला टाका. त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा कुठं ठिबकलं, कोणता वॉशर बदलायचा, कोणती रिंग उपटली. पुढच्या वैशाखात ते आठवत नाही.

गाडीत कायम एक डबा ठेवा: दाभण, मेण लावलेला सुती दोरा, कॅनव्हासचा हातभर तुकडा, चिकटपट्टी, ट्यूबच्या पट्ट्या, मूठभर वॉशर, खडू आणि बॅटरी. हा डबा पिठाच्या पोत्याखाली नको, ड्रायव्हरच्या सीटमागं हवा.

मृग ७-८ जूनला लागतं. त्याच्या पंधरा दिवस आधी एका सकाळी गाडी विहिरीवर न्या, पाण्याखाली उभी करा आणि दोघांनी मिळून वर सांगितली तशी परीक्षा घ्या. जमणार नसेल तर मला निरोप धाडा, मी येतो.